पूल म्हातारा झाला म्हणजे नेमकं काय होतं? वाचकांचे प्रश्न

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात सीना नदीनं जे काय केलं ते आपल्या सोलापूर जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही, लांबोटीला पुणे हायवे अडला, विजापूर रोडची पण तीच गत, आणि तेव्हापासून पुलांबद्दलची पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज थांबायचं नाव घेत नाहीत. बहुतेक प्रश्न जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या पुलांबद्दल आहेत. त्यातले काही निवडून इथं घेतलेत. नावं छापत नाही, दोघातिघांनी स्वतःच्याच गावच्या कारभाऱ्यांबद्दल लिहिलंय, उगाच भांडणं नकोत.

प्रश्न: नमस्कार साहेब. आमच्या गावाजवळ नदीवर दगडी कमानींचा जुना पूल आहे. आमचे वडील सांगायचे की अशा पुलाला शंभर वर्षं झाली की बांधणाऱ्या कंपनीचं इंग्लंडहून पत्र येतं, मुदत संपली, आता वापरू नका म्हणून. आमच्या पुलाचं पत्र आलंय का हे कुठं कळेल?
– निवृत्त शिक्षक, मोहोळ तालुका

गुरुजी, हे पत्र मी अख्ख्या नोकरीत ऐकलं, बघितलं मात्र कधीच नाही. प्रत्येक तालुक्यात एक तरी माणूस भेटतो ज्याच्या मामानं ते स्वतः वाचलेलं असतं. शंभर वर्षांचा आकडा आजच्या कोडमध्ये, म्हणजे पूल बांधणीच्या नियमावलीत, आहे खरा, नवीन मोठा पूल डिझाइन करताना १०० वर्षांचं आयुष्य धरतात, पण म्हणून १०१ व्या वर्षी तो पडतो असं नाही आणि चाळिसाव्या वर्षी पडणार नाही असंही नाही. वडोदऱ्याजवळचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला पडला, तो १९८५ चा होता, म्हणजे ऐन चाळिशीत गेला. तेव्हा वय बाजूला ठेवा आणि पूल कशावर उभा आहे ते बघा.

दगडी कमानीत लोखंड नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. वरचं सगळं वजन दगडादगडांतून दाबत दाबत दोन्ही बाजूंच्या खांबांत उतरतं, आणि दगडाला दाबाचं काही वाटत नाही, आपला काळा दगड तर बघायलाच नको. कमानीचे दोन्ही पाय जागेवर आहेत तोवर ती उभी राहते, मधे थोडी भेग असली तरी. पण एक खांब जरासा खचला किंवा सरकला की दाबाची वाट बदलते, सांधे उघडायला लागतात आणि मग वेळ लागत नाही. कमान वरच्या वजनानं क्वचित जाते, ती पायातून जाते, आणि पायाचा शत्रू म्हणजे पाणी.

महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा, दगडी कमानींचाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसटी बस आणि बाकीच्या गाड्या अंधारात नदीत गेल्या, चाळीसच्या आसपास माणसं गेली. पुलाची तपासणी त्याआधी झालेली होती. म्हणजे वरून बघून जे दिसतं ते पुरेसं नसतं.

पुरात होतं काय, की पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि खांबाच्या पुढ्यातली वाळू-माती उकरून नेतं. आम्ही त्याला स्कॉर म्हणतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा रेटा चौपट होतो, शिवाय वाहून आलेली झाडं, पऱ्हाट्या, जलपर्णी कमानीत अडकतात आणि पाण्याला जायची वाट अजून कमी होते. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की पूर ओसरायला लागला की तो उकरलेला खड्डा गाळानं परत भरून निघतो, चार दिवसांनी साहेब लोक बघायला येतात तेव्हा नदीचा तळ सपाट, सगळं छान, रिपोर्ट ओके. पण तो भरलेला गाळ काहीच पेलत नाही, पुढच्या पुरात पहिल्या तासात निघून जातो.

त्यात आपल्या भीमा-सीनेला वाळू उपशाची भर. पात्रातली वाळू काढली की तळच खाली जातो आणि ज्यांनी पूल बांधला त्यांनी जमिनीखाली ठेवलेला पाया उघड्यावर येतो. पुलाला कुणी हातही लावलेला नसतो, तरी पूल कमजोर होतो.

तेव्हा गुरुजी, पत्राची वाट बघण्यापेक्षा एक करा. मे महिन्यात नदी कोरडी असताना गावातल्या दोन पोरांना घेऊन प्रत्येक खांबावर रंगानं एक आडवी रेघ मारा आणि तिथून तळापर्यंत टेपनं मोजून वहीत लिहून ठेवा. दरवर्षी तेच. आणि खांबाच्या नदीच्या वरच्या अंगाला पहार घालून बघा, लोण्यात गेल्यागत आत गेली तर तो गाळ आहे, मूळ जमीन नाही. अशी पाच वर्षांची वही कुठल्याही इंजिनिअरला द्या, तो तुमचे पाय धरेल.

प्रश्न: पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं म्हणून आम्हाला सांगितलं. प्रत्यक्षात एक गाडी आली, दोघं उतरले, मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. याला ऑडिट म्हणायचं का?
– ग्रामपंचायत सदस्य, माढा तालुका

नाही. त्याला पाहणी म्हणायचं, आणि पाहणीलाही एवढ्या चहावर भागत नाही. मुंबईत सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पडला, त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती करून वापरायला हरकत नाही अशा यादीत तो होता. ऑडिट हा शब्द फार स्वस्त झालाय हो.

खरं ऑडिट कागदापासून सुरू होतं. मूळ नकाशे, पाया किती खोल नेला होता, आधी कुठल्या दुरुस्त्या झाल्या, पुराचं पाणी आजवर कुठपर्यंत आलं. इंग्रजांच्या काळातल्या कामांचे कागद पुष्कळदा ऑफिसच्या कपाटात असतात, फक्त धूळ झटकायची कुणी हे ठरत नाही. त्यानंतर पुलाच्या खाली जायचं. पुलावर उभं राहून पुलाचं काहीच कळत नाही, सगळं खालून कळतं, शिडी लावा, मचाण बांधा, पाणी असेल तर होडी किंवा पाणबुडे, पण हात लागेल इतकं जवळ जायचंच.

हातोडीनं एकेक दगड ठोकायचा, बाजारात कलिंगड ठोकून बघतो तसंच, भरीव आणि पोकळ आवाज वेगळा येतो आणि चांगल्या जुन्या मिस्त्रीला तो आपल्यापेक्षा लवकर कळतो. भेग दिसली की तिची दिशा बघायची. रस्त्याच्या लांबीला समांतर भेग म्हणजे बहुतेक वेळा कमानीची बाजूची भिंत मधल्या भागापासून सुटत चाललीय, आतला मातीचा भराव ओला होऊन तिला बाहेर ढकलतोय. आडवी भेग, म्हणजे रस्त्याला काटकोनात, ही जास्त गंभीर, तिथं खांब हललाय का हे बघावं लागतं. भेग जुनी आहे की वाढतेय हे ओळखायला तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात, पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. साधा उपाय, खर्च काही नाही, पण परत येऊन बघावं लागतं आणि घोडं तिथंच अडतं.

मग कमानीत भोक पाडून कोअर, म्हणजे आतल्या दगडाचा गोल नमुना, काढायचा. दर्शनी बाजूला घडीव दगडांची जाड रांग दिसते म्हणून आत पण तेवढीच जाडी असेल असं धरून चालू नका, आत कमी असू शकते, दगडही वेगळा असू शकतो. कमानीचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर), दगडाच्या थराची जाडी, वरचा भराव आणि सांध्यांची हालत एवढं हातात आलं की किती वजन चालेल याचा पहिला अंदाज काढता येतो. ब्रिटिश लष्करानं रणगाडे जुन्या कमानींवरून जातील का हे पटकन ठरवायला मेक्से नावाची पद्धत काढली होती, ती आजही पहिल्या चाळणीला वापरतात. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ३५ ही मार्गदर्शिका तपासणीसाठी आणि एसपी ३७ भारक्षमतेसाठी आहे. शंका राहिलीच तर लोड टेस्ट. आरसीसी पुलावर ठरलेलं वजन २४ तास ठेवतात, किती झुकला मोजतात, वजन काढल्यावर पुढच्या २४ तासांत त्यातलं निदान ७५ टक्के परत वर आलं पाहिजे. प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आत ताणलेल्या तारा घातलेलं काँक्रीट असेल तर ८५ टक्के.

तुम्ही रिपोर्ट मागून घ्या आणि त्यात एवढं शोधा: पायाची खोली लिहिलीय का, किती टनाला पूल चालेल हा आकडा आहे का, आणि पुढची तपासणी कधी. "स्थिती समाधानकारक" एवढंच असेल तर चहाचा रिपोर्ट समजायचा.

प्रश्न: आमच्या रस्त्यावरच्या पुलाला १० टनाची पाटी लावलीय. आम्ही कारखान्याला ऊस घालतो, दोन ट्रॉल्या घेऊन दर सीझनला त्यावरूनच जातो, आजवर काय बी झालं नाही. मग पाटी कशाला?
– ऊस वाहतूकदार, पंढरपूर तालुका

दादा, पाटी म्हणजे त्याच वजनाला पूल मोडतो असं नाही, त्यात सुरक्षेसाठी थोडी ताकद राखून ठेवलेली असते आणि तुम्ही इतकी वर्षं तीच खाताय. लोखंडी पुलाचं तर लोखंड थकतं, ताण दुप्पट झाला की एका फेरीची झीज साधारण आठपट होते, आणि ही थकावट डोळ्याला दिसत नाही, चीर पडेपर्यंत.

शिवाय गाड्या बदलल्या. २०१८ साली केंद्रानं ट्रकची वजनमर्यादा वाढवली, तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकला २५ टनांवरून २८.५ टन झाले, कायदेशीर. बैलगाडी आणि छकडे डोळ्यासमोर ठेवून बांधलेल्या पुलाला हे कुणी सांगितलं नाही. आणि एक वजन असं आहे की जे पुलावरून कधी उतरतच नाही, ते म्हणजे डांबर. दर काही वर्षांनी जुन्यावर नवीन थर ओततात. ३० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद पुलावर चार इंच जादा डांबर म्हणजे चाळीस टन! तुमच्या ट्रॉल्या निदान पलीकडं जातात तरी. तरीपण पाटी पाळा, फेरा पडला तरी चालेल.

प्रश्न: रोज रेल्वेवरच्या जुन्या लोखंडी पुलावरून स्कूटीवर मुलाला शाळेत सोडते. मोठी गाडी गेली की पूल हलतो, खडखड आवाज येतो. हलणारा पूल धोकादायक असतो का? आणि रंग तर नुकताच दिलाय.
– एक वाचक, सोलापूर शहर

ताई, हलण्याला घाबरू नका. लोखंडी गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, लवचिक असतो, जड गाडी गेली की तो थोडा झुकणार, परत वर येणार, तसंच त्याचं काम असतं. खडखडाट बहुतेक वेळा जॉइंटच्या सैल झालेल्या पट्टीचा असतो. हलण्याची तऱ्हा बदलली, म्हणजे पूर्वी नव्हता असा धक्का बसायला लागला, एका जागी रस्ता खाली बसल्यासारखा वाटला, तर मात्र त्याच दिवशी कळवा.

रंगाचं म्हणाल तर रंग हा पुलाचा कपडा, तब्येत नव्हे. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ ला उघडला आणि ३० ला पडला, १३५ माणसं गेली. चालायचं फ्लोअरिंग नवीन टाकलं होतं, मुख्य केबल जुनीच, आणि चौकशीत निघालं की तिच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. जुन्या लोखंडी पुलात गंज बाहेरून कमी आणि दोन पत्र्यांच्या मधे जास्त लागतो, तिथं फुगून तो पत्रे उचकटतो. रिव्हेटच्या डोक्याखालून तांबडा ओघळ दिसला तर तो रिव्हेट सैल झालाय असं समजायचं. नवीन रंगानं पहिले काही महिने हे सगळं झाकलं जातं, म्हणून तपासणी आधी आणि रंग नंतर असा क्रम हवा. तसंच त्या जुन्या रंगाच्या तळाला शेंदरी प्रायमर असतो, त्यात शिसं असतं, तो खरवडणाऱ्या कामगारांना मास्क दिलेला मी फार कमी वेळा बघितलाय.

आता आपल्या सोलापूरचा खास त्रास सांगतो, ऊन. मेमध्ये हवा ४४ च्या पुढे जाते आणि उन्हातलं लोखंड त्याहून कितीतरी तापतं. थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक धरला तर ३० मीटरचा गर्डर जवळजवळ दीड सेंटिमीटर लांब होतो. त्यानं सरकावं म्हणून एका टोकाला रोलर बेअरिंग ठेवलेलं असतं. पण वर्षानुवर्षं त्यात धूळ, डांबराची खडी, कबुतरांची घाण साठून ते जाम होतं, गर्डर सरकू शकत नाही, मग तो खांबाचा माथा ढकलतो आणि तिथल्या दगडाला तडे जातात. तडे दिसले की लोक खांब दुरुस्त करतात आणि वर्षभरात तो परत फुटतो, कारण बेअरिंगला कुणी हातच लावलेला नसतो. बेअरिंग साफ करून ग्रीस घालणं हे सगळ्यात स्वस्त काम, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही ना.

रिव्हेट बदलायचे तर आज रिव्हेट मारणारे कारागीर मिळणं मुश्किल, म्हणून जास्त ताकदीचे बोल्ट घालतात, ते चालतं. पण जुन्या लोखंडाला वेल्डिंग करून ठिगळ लावलेलं दिसलं तर विचारा. त्या काळच्या लोखंडात गंधक आणि फॉस्फरस जास्त असू शकतं, नमुना लॅबमध्ये तपासल्याशिवाय वेल्डिंग केलं तर जोडाशेजारीच चीर जाते.

प्रश्न: सर, आर्किटेक्चरला आहे मी. आमच्या ग्रुपमध्ये लै वाद झाला, अर्धे म्हणालेत जुने पूल पाडून नवे बांधा, अर्धे म्हणालेत हेरिटेज आहे, हात लावू नका. तुमचं काय म्हणणं?
– विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

दोन्ही बाजू आळशी आहेत, राग मानू नको. "पाडा" म्हणणाऱ्याला तपासायचं नाही आणि "हात लावू नका" म्हणणाऱ्याला खर्च करायचा नाही. काही पूल पाडावेच लागतात. मुंबईचा कर्नाक पूल १८६८ चा, तो धोकादायक ठरल्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात मेगाब्लॉक घेऊन उतरवला. पण दरवेळी कारण कमजोरीच असतं असं नाही. रेल्वेवरचे जुने पूल बांधले तेव्हा खालून वाफेचं इंजिन जायचं, आज २५ हजार व्होल्टची तार जाते, तिला मधे मोकळी जागा लागते आणि कमान बुटकी असली तर ती मिळत नाही. तिथं भावना बाजूला.

पण नदीवरच्या पुलाला बहुतेक वेळा तिसरा मार्ग असतो, शेजारी नवीन बांधा आणि जुन्यावरून फक्त माणसं आणि सायकली सोडा. अहमदाबादचा एलिस ब्रिज १८९२ चा, १९९९ मध्ये त्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे पूल आले आणि मधला लोखंडी तसाच उभा राहिला. अर्थात शेजारी बांधणंही सोपं नसतं, कोल्हापूरला पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाचा पर्यायी पूल संरक्षित स्मारकाच्या कायद्यात वर्षानुवर्षं अडकला होता, आणि त्या काळात सगळी वाहतूक जुन्याच पुलावर.

राखायचा ठरवला तर दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा, आणि तू आर्किटेक्चरची आहेस म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिलं काम पाणी बाहेर काढणं. वरचं सगळं डांबर खरवडून काढायचं, भरावावर पाणी झिरपणार नाही असा थर द्यायचा, उतार नीट करायचा, पाणी जायची बुजलेली भोकं मोकळी करायची. निम्मे आजार इथंच थांबतात. मग सांध्यातला वाहून गेलेला चुना भरायचा, आणि इथं ९० टक्के ठेकेदार सिमेंट घेऊन येतो. सिमेंट कडक आणि घट्ट, आतलं पाणी बाहेर पडू देत नाही. आपला बसाल्ट कणखर, त्याचं फारसं बिघडत नाही, पण आतला चुना कायम ओला राहतो आणि मऊ होऊन निघून जातो, बाहेरून सांधे चकाचक आणि आत पोकळ. चुना, वाळू, विटांची सुरखी असा मूळ मालाशी जुळणारा माल हलक्या दाबानं भरायला हवा, जोरात भरलं तर बाजूची भिंतच बाहेर येते. ती भिंत आधीच फुगली असेल तर स्टेनलेस स्टीलच्या सळ्या आरपार घालून दोन्ही बाजू बांधून घेतात. भारक्षमता वाढवायचीच असेल तर भराव काढून कमानीच्या पाठीवर काँक्रीटचा पातळ थर देता येतो, वरून रस्ता झाला की बाहेरून काहीच दिसत नाही. आणि पायाभोवती काँक्रीटचं जोतं, त्याच्या कडेला खोल भिंत, म्हणजे नदी खालून उकरू शकत नाही. कमानीच्या पोटाला काँक्रीट फवारून गुळगुळीत केलेले पूल बघितलेस तर एक लक्षात ठेव, त्यानंतर आतल्या भेगा कुणालाच दिसत नाहीत.

प्रश्न: पुलाच्या कमानीत पिंपळ उगवलाय. लोक म्हणतात पिंपळ तोडू नये. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

हातभर असताना काढा, तेव्हा पापही हातभरच लागेल. मोठा झाला असेल तर ओढून उपटू मात्र नका, मुळांबरोबर दगडही येतील. वरून कापायचा, खोडाला औषध लावून मुळं मारायची, आणि मुळं सुकल्यावर त्या पोकळीत चुन्याचा माल भरायचा. नुसता कापला तर दोन पावसाळ्यांत दुप्पट जोमानं येतो.

प्रश्न: तक्रार नेमकी करायची कुणाकडे? प्रत्येक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं.
– सात जणांनी हेच विचारलंय

आधी पूल कुणाचा ते शोधा. गावातला रस्ता जिल्हा परिषदेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामचा, हायवे असेल तर राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा, शहरात महापालिका. रेल्वेवरचा पूल असला तर रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि दोन्हीकडचे चढ-उतार बहुतेक वेळा रस्त्याच्या मालकाचे, त्यामुळे तिथं अर्ज दोन्हीकडे एकदमच द्या, एकाच्या अर्जात दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहा. फोटो जोडताना भेगेजवळ पट्टी किंवा पेन ठेवून काढा, तारीख टाका, कितव्या खांबाजवळ ते लिहा. आणि "पूल धोकादायक आहे" एवढंच लिहिलं तर उत्तरही "पाहणी केली जाईल" एवढंच येतं. त्यापेक्षा माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागल्या पाच वर्षांच्या पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीच्या नोंदी मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोंदीच नसतील तर तसं लेखी मिळेल, आणि तो कागद तुमच्या पुढच्या अर्जाला जोडायचा.